आवड आणि मत

एखादी गोष्ट आवडणे किंवा न आवडणे यासाठी मनुष्याला फारसे श्रम पडत नाहीत. आंब्याची फोड जिभेवर ठेवताच ती गोड आहे की आंबट हे जीभ सांगून मोकळी होते. त्यासाठी विचार करीत बसावे लागत नाही. मत मात्र असे आपोआप तयार होत नाही. ते शेतातल्या पिकासारखे पेरावे लागते, त्याची निगा राखावी लागते आणि मधूनमधून त्यातले तणही उपटून टाकावे लागते. ‘ही गोष्ट मला आवडली,’ एवढेच कोणी म्हटले, तर त्यावरून बोलणाऱ्याच्या मनाची थोडीशी ओळख होते. त्या गोष्टीविषयी काहीच कळत नाही. ‘ही गोष्ट मला अमुक कारणासाठी आवडली,’ असे तो म्हणू लागला, की त्याच्याशी बोलता येते, त्याला प्रश्न विचारता येतात, प्रसंगी त्याचे म्हणणे खोडूनही काढता येते. आवडीला कारणांची जोड मिळाली म्हणजेच तिचे मत होते. हा भेद दिसायला लहान आहे. परंतु तो न ओळखल्यामुळे लहानांची आणि मोठ्यांचीही पुष्कळदा फसगत होते.

जेथे आवड अतिशय उत्कट असते, तेथे हा भेद विशेष स्पष्ट दिसतो. सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन यांच्यासारख्या अचाट पराक्रमाच्या नायकांच्या चित्रकथा, म्हणजेच कॉमिक्स, आणि त्यांवरून तयार झालेले कार्टूनपट यांचे चाहते जगभर पसरलेले आहेत. शाळेच्या मधल्या सुट्टीत सुपरमॅन श्रेष्ठ की बॅटमॅन श्रेष्ठ यावर जे वाद रंगतात, त्यांत बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याचाच जय होतो. वडीलधारी माणसे हे वाद ऐकतात आणि पोरखेळ म्हणून सोडून देतात. पण तो निव्वळ पोरखेळ नव्हे. ज्या अमेरिकेत या नायकांचा जन्म झाला, तेथील चाहत्यांच्या मतांचा इतिहास पाहिला, तर मत कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, याचा एक चांगला धडाच त्यातून मिळतो.

सुपरमॅनची पहिली कथा १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ या मासिकाच्या पहिल्या अंकात प्रसिद्ध झाली. तिचे लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरातले शाळासोबती होते. दोघांनाही अद्भुत विज्ञानकथांचे विलक्षण वेड होते. सीगल तर शाळेत असतानाच अशा कथा छापणाऱ्या मासिकांना पत्रे पाठवीत असत. पुढे त्यांनी स्वतःचे एक छोटेसे घरगुती नियतकालिकही काढले. म्हणजे सुपरमॅनचे जनक हे मुळात चाहतेच होते. परंतु आवडले म्हणून टाळी वाजवून ते स्वस्थ बसले नाहीत. आवडलेल्या गोष्टीविषयी ते लिहू लागले आणि लिहिता लिहिता स्वतःच नवी गोष्ट निर्माण करू लागले.

पुढे १९५८ साली ‘सुपरमॅन’ मासिकात वाचकांच्या पत्रांसाठी खास जागा ठेवण्यात आली. तेथे मुले मोठ्या उत्साहाने पत्रे पाठवीत. मागच्या अंकात अमुक घडले होते, मग या अंकात तमुक कसे घडले, असे प्रश्न त्यांत असत. १९६१ च्या सुमारास ज्यूलियस श्वार्ट्‌झ या संपादकांनी पत्रलेखकांची नावे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापण्यास आरंभ केला. या साध्या गोष्टीचा परिणाम मोठा झाला. एकमेकांना कधीही न पाहिलेले वाचक परस्परांना पत्रे लिहू लागले. त्याच वर्षी डेट्रॉइटमधील प्राध्यापक जेरी बेल्स यांनी मिसूरी राज्यातील रॉय थॉमस यांच्या सहकार्याने या नायकांविषयी चर्चा करणारे ‘ऑल्टर इगो’ नावाचे छोटे नियतकालिक सुरू केले. थॉमस पुढे शाळेत शिक्षक होते. १९६५ साली ते ‘मार्व्हल’ या प्रकाशनसंस्थेत लेखक म्हणून दाखल झाले आणि १९७२ साली तेथील मुख्य संपादक झाले. ज्याने वर्षानुवर्षे कथांची चिकित्सा केली, त्याच्याच हाती कथांची जबाबदारी आली, ही गोष्ट योग्यच झाली.

याच संस्थेतली एक गंमत या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. ‘हल्क’ नावाच्या हिरव्या, आडदांड नायकाचे मूळ माणसाचे रूप म्हणजे शास्त्रज्ञ ब्रूस बॅनर. १९६४ साली एका कथेत त्याचे नाव चुकून बॉब बॅनर असे पडले. वाचकांच्या दृष्टीतून ही चूक सुटली नाही. तेव्हा लेखक स्टॅन ली यांनी तोडगा काढला, की या शास्त्रज्ञाचे पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असे मानावे. कारण बॉब हे रॉबर्ट या नावाचेच घरगुती रूप आहे. तेच नाव पुढे कायम झाले! याच काळात ली यांनी चौकस वाचकांसाठी एक अजब पारितोषिक सुरू केले. विजेत्याच्या घरी एक पाकीट येई. त्यावर अभिनंदनाचा मजकूर छापलेला असे आणि आत काहीही नसे. आरंभी चूक दाखविणाऱ्यालाही हे ‘रिकामे बक्षीस’ मिळत असे. पुढे मात्र जो चूक दाखवून तिथेच न थांबता, ती वस्तुतः चूक कशी नाही हे कथेच्याच आधाराने पटवून देईल, त्याला ते देण्याची प्रथा पडली. या थट्टेत एक मार्मिक विचार दडलेला आहे. दोष दिसणे ही पहिली पायरी होय. दोष का घडला असेल आणि तो कसा दूर होईल याचा विचार करणे ही त्याहून वरची पायरी होय. आणि त्या पायरीवर चढणाऱ्याला पाकीट रिकामे मिळाले, तरी त्याचे डोके रिकामे राहत नाही.

ही वरची पायरी एका शाळकरी मुलाने कशी गाठली, हे पाहण्यासारखे आहे. पिट्‌सबर्ग शहरातील जिम शूटर हा मुलगा बारा वर्षांचा असताना काही दिवस रुग्णालयात होता. तेथे वेळ घालविण्यासाठी त्याने कॉमिक्सचा मोठा गठ्ठा वाचून काढला. काही कथा वाचताना मन रमते आणि काही वाचताना कंटाळा येतो, हे त्याच्या ध्यानात आले. येथवर त्याने जे केले ते कोणतेही मूल करील. परंतु त्याने पुढचा प्रश्न विचारला: असे का होते? चांगल्या कथांची रचना कशी आहे, पात्रे कशी बोलतात, प्रसंग कसे जोडलेले आहेत, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला. घरच्या मिळकतीला हातभार लागावा, हीदेखील त्याची इच्छा होती. १९६५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने स्वतः एक कथा लिहिली, तिची कच्ची चित्रेही काढली आणि ती ‘सुपरमॅन’च्या संपादकांकडे पाठवून दिली. दुसऱ्या वर्षी त्याची कथा ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये छापून आली. तेव्हा त्याला नेमके कितवे वर्ष चालू होते, याचा हिशेब करणाऱ्यांनी करीत बसावा. तो अजून शाळेत जात होता, एवढे खरे. हाच मुलगा पुढे १९७८ पासून १९८७ पर्यंत ‘मार्व्हल’चा मुख्य संपादक होता. ‘तुमच्या कथा नीरस आहेत,’ एवढेच पत्र त्याने लिहिले असते, तर ते टोपलीत गेले असते. त्याने आपल्या नापसंतीला कारणे शोधली आणि कारणांना कृतीची जोड दिली.

याच्या अगदी उलट असा एक प्रसंग १९८८ साली घडला. बॅटमॅनबरोबर रॉबिन नावाचा एक तरुण साथीदार असतो. पहिला रॉबिन मोठा होऊन स्वतंत्र झाल्यावर १९८३ साली जेसन टॉड या मुलाचा कथेत प्रवेश झाला आणि तो दुसरा रॉबिन बनला. पुढे लेखकांनी त्याला तापट आणि उद्धट रंगविले. त्यामुळे पुष्कळ वाचकांचा त्याच्यावर रोष झाला. तेव्हा संपादकांनी एक अपूर्व योजना आखली. कथेत ‘जोकर’ हा दुष्ट जेसनला निर्दयपणे मारहाण करतो आणि त्यानंतर मोठा स्फोट होतो, येथे अंक थांबविण्यात आला. शेवटी दूरध्वनीचे दोन क्रमांक छापलेले होते. जेसन वाचावा असे ज्याला वाटत असेल त्याने एका क्रमांकावर, आणि तो मरावा असे ज्याला वाटत असेल त्याने दुसऱ्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, असे आवाहन होते. सप्टेंबर महिन्यात छत्तीस तास हे क्रमांक खुले होते. प्रत्येक दूरध्वनीला ५० सेंट पडत. चित्रकाराने दोन्ही शेवटांची तयारी करून ठेवली होती. एका शेवटात मुलगा जिवंत, दुसऱ्यात मृत.

एकूण १०,६१४ मते पडली. जेसन वाचावा म्हणून ५,२७१ आणि मरावा म्हणून ५,३४३. केवळ ७२ मतांच्या फरकाने त्या काल्पनिक मुलाचा मृत्यू निश्चित झाला. पुढच्या अंकात बॅटमॅन त्याचा निष्प्राण देह हातांवर घेऊन येताना दिसला. ते चित्र पाहून अनेकांना धक्का बसला आणि प्रकाशकांवर कडक टीका झाली. दूरध्वनीचा क्रमांक फिरविताना जी गोष्ट खेळासारखी वाटली होती, ती चित्रात उतरताच तिचे गांभीर्य कळून आले.

या मतदानात नेमके काय चुकले? लोकांना विचारले, हे चुकले असे म्हणता येणार नाही. चुकले ते असे, की त्यांना ‘काय हवे’ हे विचारले गेले, ‘का हवे’ हे कोणीच विचारले नाही. कोणाला जेसनचा स्वभाव आवडत नसेल. कोणाला संपादक खरोखरच एवढे धाडस करतील का, हे पाहायचे असेल. कोणाला केवळ गंमत वाटली असेल. ही सारी निरनिराळी मने एकाच आकड्यात बुडून गेली. शिवाय एकाच माणसाने पुन्हा पुन्हा दूरध्वनी केला, तरी त्याला अडविणारे काही नव्हते. ज्याच्या खिशात पैसे अधिक, त्याला मतेही अधिक. जेसन उद्धट होता, हे खरे; पण उद्धट मुलगा सुधारतो कसा, याचीही एक उत्तम कथा होऊ शकली असती. अशी सूचना करायला त्या दूरध्वनीवर जागाच नव्हती. पुढे २००५ साली लेखकांनी जेसनला कथेत पुन्हा जिवंत करून आणले, आणि १९८८ साली वापरला न गेलेला दुसरा शेवट २०२३ साली छापून प्रसिद्ध करण्यात आला. सुदैवाने तो मुलगा कागदावरचा होता. कागदावरचा मृत्यू परत घेता येतो. खऱ्या आयुष्यात घाईने दिलेले मत पुष्कळदा परत घेता येत नाही.

यावर कोणी विचारील, की लोकशाहीतही मते मोजूनच निर्णय होतात ना? होय, होतात, परंतु लोकशाहीत मतदानापूर्वी सभा होतात, भाषणे होतात, वृत्तपत्रांतून वाद झडतात, आणि एका माणसाला एकच मत असते. तेथे मतमोजणी ही विचाराच्या शेवटी येते, विचाराच्या जागी येत नाही. आज हातातल्या फोनवर बोटाच्या एका स्पर्शाने पसंती किंवा नापसंती कळविता येते. अशा स्पर्शांची बेरीज कितीही मोठी झाली, तरी तिच्यातून एकही कारण निघत नाही.

कार्टूनपटांविषयीही हाच नियम लागू पडतो. ‘टीन टायटन्स’ ही मालिका २००३ पासून २००६ पर्यंत दाखविली गेली. तीत विनोद असला, तरी पात्रांची दुःखे आणि त्यांच्या चुका गंभीरपणे रंगविलेल्या होत्या. २०१३ साली तीच पाच पात्रे आणि त्यांना आवाज देणारे तेच पाच कलावंत घेऊन ‘टीन टायटन्स गो!’ ही नवी मालिका निघाली. पण ही सारी खेळकर आणि थट्टेखोर होती. पहिल्या मालिकेवर वाढलेले चाहते संतापले. लहान मुले मात्र खळखळून हसली. येथे ‘नवी मालिका वाईट, कारण ती जुन्यासारखी नाही,’ असे म्हणणे म्हणजे लाडू तिखट नाही म्हणून त्याला नावे ठेवण्यासारखे आहे. ती हसविण्यासाठी केलेली आहे. तेव्हा ती चांगले हसविते काय, हा तिच्याबाबतीतला न्याय्य प्रश्न होय. कोणी म्हणेल, की तिच्यातला विनोद तोच तोच आहे, आणि असे तीन प्रसंग काढून दाखवील, तर ते मत आदराने ऐकले पाहिजे. मग ते ऐकणाऱ्याला पटो वा न पटो.

स्तुतीलाही कारणे लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. १९९२ साली सुरू झालेल्या बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत ‘मिस्टर फ्रीझ’ या खलनायकाचा एक भाग आहे. त्याआधी हा खलनायक म्हणजे लोकांना बर्फाने गोठविणारा एक साधा चोर होता. लेखक पॉल डीनी यांनी त्याला एक पूर्वकथा दिली. त्याची पत्नी असाध्य रोगाने आजारी असते. उपाय सापडेपर्यंत तिचे प्राण टिकावेत, म्हणून तो तिला अतिशीत अवस्थेत ठेवतो. पण ज्याच्याकडे तो नोकरी करीत असतो तो मालक पैसा वाचविण्यासाठी तो प्रयोग बंद पाडतो. आता हा भाग पाहून एक मुलगा म्हणतो, ‘फारच झकास!’ दुसरा म्हणतो, ‘हा भाग चांगला आहे, कारण बॅटमॅन जिंकतो तेव्हा आनंद होत नाही, तुरुंगात एकट्या बसलेल्या फ्रीझची कीव येते.’ दोघांची आवड एकच आहे. मत मात्र दुसऱ्यापाशीच आहे. पहिल्याचे बोलणे ऐकून कोणाला काही लाभ होत नाही. दुसऱ्याचे बोलणे ऐकणारा तो भाग पुन्हा पाहील, तेव्हा त्याला तो अधिक दिसेल.

कारणांची ही कसोटी केवळ मुलांसाठी आहे, असे मात्र कोणी समजू नये. १९५४ साली अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी एक पुस्तक लिहून असे मत मांडले, की कॉमिक्स वाचून मुले गुन्हेगारीकडे वळतात. डॉ. वर्थम हे काही दुष्ट गृहस्थ नव्हते; न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरिबांसाठी मानसोपचाराचा दवाखाना त्यांनी चालविला होता. त्या काळच्या काही कॉमिक्समधली चित्रे भीषण होती, हेही खोटे नाही. त्यांच्या मताने देशभर खळबळ उडाली. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे चौकशी झाली, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. काही मुलांनी उपसमितीला पत्रे लिहून आपली बाजू मांडली. पण त्या पत्रांनी निर्णय बदलला नाही. पुढे २०१० साली डॉ. वर्थम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली. कॅरोल टिली या संशोधिकेने ती तपासली आणि २०१२ साली दाखवून दिले, की मुलांच्या जबान्यांत त्यांनी अनेक ठिकाणी फेरफार केले होते. कोठे दोन मुलांचे बोलणे एकत्र केले होते, कोठे गैरसोयीचा भाग वगळला होता. हेतू चांगला होता, पदवी मोठी होती, वयही मोठे होते. परंतु कारणे भेसळीची निघाली. भेसळीच्या कारणांवर उभे राहिलेले मत मोठ्या माणसाचे असले, म्हणून खरे ठरत नाही.

तथापि डॉ. वर्थम यांची कहाणी येथेच संपत नाही. १९७३ साली त्यांनी आणखी एक पुस्तक लिहिले. ते चाहत्यांनी हौसेने काढलेल्या छोट्या नियतकालिकांविषयी होते, आणि त्यात त्यांनी या चाहत्यांची प्रशंसा केली होती. ज्या वाचकांविषयी ते पूर्वी इतके बोलले होते, त्यांचे स्वतःचे लिखाण त्यांनी आता जवळून वाचले होते. मनुष्य दुसऱ्याचे म्हणणे समक्ष ऐकतो, तेव्हा त्याच्या मताचा कडकपणा कमी होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

तेव्हा कोणत्याही पुस्तकाविषयी, चित्रपटाविषयी किंवा माणसाविषयी मत देण्यापूर्वी विचारी मनुष्याने मनाशी काही प्रश्न विचारावेत. ही गोष्ट काय साधण्यासाठी केलेली आहे? माझ्या म्हणण्याला तिच्यातला कोणता आधार मी बोट ठेवून दाखवू शकतो? आणि ज्याला माझे म्हणणे पटत नाही, त्याची बाजू मी शांतपणे ऐकली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे देता देता कधी कधी मत पालटते. त्यात कमीपणा नाही. जे मत कारणांवर उभे असते, ते अधिक चांगले कारण पुढे येताच आपली जागा सोडते. जे केवळ हट्टावर उभे असते, तेच जागचे हलत नाही.

सुपरमॅन श्रेष्ठ की बॅटमॅन श्रेष्ठ, हा वाद मधल्या सुट्टीत पुढेही चालू राहील, आणि तो चालू राहावाच. मात्र त्यात घसा कोरडा करण्याऐवजी एखाद्याने शांतपणे म्हणावे, ‘बॅटमॅन श्रेष्ठ, कारण त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नसताना तो तेच काम करतो.’ दुसऱ्याने उत्तर द्यावे, ‘सुपरमॅन श्रेष्ठ, कारण सारे जग चिरडण्याची शक्ती असूनही तो ती आवरून धरतो.’ मग तिसरा या दोघांकडे वळून विचारील, की शक्ती नसताना धैर्य दाखविणे कठीण, की शक्ती असताना संयम राखणे कठीण? घंटा होईपर्यंत या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही; पण वर्गात परतताना तिघेही त्याचाच विचार करीत असतील.